अडीनडीचा गडी

फेब्रुवारी २०१४ मधला एक बुधवार. सिअ‍ॅटलच्या फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर माणसांचा पूर आला होता. शहराच्या फुटबॉल संघाने, म्हणजे सीहॉक्सने, तीन दिवसांपूर्वी इतिहासात पहिल्यांदाच सुपर बोल जिंकला होता आणि त्याची मिरवणूक निघाली होती. पुण्याची विसर्जन मिरवणूक पाहिलेल्या माणसाला गर्दीचं काही अप्रूप नसतं. पण त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती, ऑफिसं चालू होती, आणि तरीही लोक सकाळपासून लहान पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते. मी तेव्हा कामासाठी तिकडे होतो. खेळ जेमतेम एका मोसमाइतकाच कळत होता. हातमोजे विसरल्यामुळे हात खिशात घालून मी एक उद्योग करत बसलो, लोकांच्या जर्सींवरचे आकडे मोजण्याचा.

तीन नंबर सगळ्यात जास्त. तो क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा. मग चोवीस, मार्शॉन लिंच. मग पंचवीस, रिचर्ड शर्मन. बारा नंबर तर पावलोपावली, कारण तो तिथे प्रेक्षकांचाच नंबर आहे. एकोणनव्वद मला त्या तीन तासांत चार वेळा दिसला. हे काही सर्वेक्षण नव्हे, मला मान्य आहे. पण तो नंबर ज्याचा होता, त्या डग बाल्डविनबद्दल तेव्हापासून माझ्या डोक्यात एक हिशेब अडकून पडलाय. आज तो मांडतो.

आधी खेळाबद्दल थोडं. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्न मिळतात आणि त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकलात तर पुन्हा नवे चार. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. पहिले दोन डाऊन गेले, यार्ड अजून बाकी आहेत, आणि आता तिसरा. हा फसला तर चौथ्यावर सहसा चेंडू लांब लाथाडून समोरच्याच्या हवाली करायचा. म्हणजे तिसरा डाऊन हा खरा दमाचा. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर तो झेलतो, आणि बचाव करणारे या दोघांच्या मध्ये येण्यासाठी जिवाचं रान करतात. फेकायला क्वार्टरबॅककडे तीन-साडेतीन सेकंद असतात. तेवढ्यात कुणीतरी मोकळं व्हावं लागतं.

मोकळं होणं. या दोन शब्दांतच बाल्डविनची सगळी विद्या आहे, आणि हीच एक गोष्ट स्कोअरकार्डावर कुठेही लिहिली जात नाही.

त्या मोसमात टीव्हीवरच्या एका माजी दिग्गज रिसीव्हरने सीहॉक्सच्या रिसीव्हरांना इंग्रजीत एक विशेषण लावलं होतं. त्याचा शब्दशः मराठी अर्थ ‘पादचारी’. म्हणजे सुमार, रस्त्याने चालणारे चारचौघे. बाल्डविन, गोल्डन टेट, जर्मेन कर्स ही ती मंडळी. हा शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच. बाल्डविनने तो मनाला इतका लावून घेतला की मोठा सामना जिंकल्यावर पत्रकार समोर आले की आधी तो शब्द बाहेर यायचा, मग सामन्याची गोष्ट.

आकडे पाहिले तर टीकाकाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. २०१३ च्या मोसमात बाल्डविनचे ५० झेल आणि ७७८ यार्ड. त्या काळी नामांकित रिसीव्हर वर्षाला हजार-बाराशे यार्ड करायचे. फँटसी लीग खेळणाऱ्या कुणीही बाल्डविनला पहिल्या फटक्यात घेतलं नसतं. तुम्हीही आयपीएलच्या दिवसांत फोनवर संघ लावताना सहाव्या क्रमांकावर येऊन दहा चेंडू खेळणाऱ्याला घेत नाही. गुण कुठून येणार? त्याला खेळायलाच मिळत नाही.

पण आकडा वाचताना तो कशाचा भाग आहे हेही बघावं लागतं. त्या मोसमात सीहॉक्सने साखळी सामन्यांत सगळे मिळून ४२० पास फेकले. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर आलेल्या डेन्व्हर ब्रॉन्कोजने फेकले ६७५. सिअ‍ॅटलचा प्रशिक्षक पीट कॅरल याचा धर्मच वेगळा होता. बचाव लोखंडी ठेवायचा, लिंचला चेंडू देऊन समोरच्यांना धडका मारायच्या, आणि पास फक्त गरजेपुरता. लीगमध्ये सर्वांत कमी पास फेकणाऱ्या दोन संघांपैकी हा एक. ज्या घरात स्वयंपाकच दिवसातून एकदा होतो, तिथल्या आचाऱ्याला तू भाकऱ्या कमी थापतोस म्हणून बोल लावण्यासारखं हे झालं.

आणि पास गरजेपुरता म्हणजे कधी? जेव्हा धडका मारून झालेल्या असतात, यार्ड बाकी असतात आणि समोरच्या अकरा जणांना पक्कं ठाऊक असतं की आता चेंडू हवेत जाणार. भरपूर पास फेकणाऱ्या संघातल्या रिसीव्हरला सोपे झेलही बरेच मिळतात, पहिल्या डाऊनवरचे, समोरचा बेसावध असतानाचे. बाल्डविनच्या वाट्याला आले ते बहुतेक अडचणीतले. आपल्याकडे ज्याला अडीनडीला उपयोगी पडणारा माणूस म्हणतात, तो हा. असा माणूस रोज आठवत नाही. अडलं की आठवतो.

हा माणूस सिअ‍ॅटलला आला तोही असाच, मागच्या दाराने. फ्लोरिडातल्या पेन्साकोला भागातला मुलगा. स्टॅनफर्डमध्ये शिकला, तिथे जिम हार्बॉच्या हाताखाली खेळला, शेवटच्या वर्षी संघातला आघाडीचा रिसीव्हर होता. २०११ च्या ड्राफ्टमध्ये बत्तीस संघांनी मिळून २५४ खेळाडू निवडले. बाल्डविन त्यात नव्हता. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे या धंद्यात बुटका. त्यात त्या वर्षी मालक-खेळाडू वादामुळे लीगला टाळेबंदी होती. न निवडलेल्यांना कुठल्याही संघाशी बोलणी करायलाही जुलैअखेरपर्यंत थांबावं लागलं. शेवटी सीहॉक्सने त्याला घेतलं आणि त्या पहिल्याच मोसमात ५१ झेल, ७८८ यार्ड करून तो संघात दोन्हींत पहिला आला. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या नवख्याने असं करणं १९६० नंतर पहिल्यांदाच घडत होतं.

आता पैशाची बाजू. तिच्याशिवाय अजिंक्यपदाची गोष्ट अर्धीच राहते. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कापावं लागतं. २०१३ मध्ये सीहॉक्सने पर्सी हार्विन नावाचा वेगवान रिसीव्हर मिनेसोटाकडून आणला. त्यासाठी पहिल्या फेरीची निवड दिली, वर आणखी दोन निवडी दिल्या, आणि सहा वर्षांचा ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. साखळी सामन्यांत दुखापतीमुळे तो एकच सामना खेळला. एक झेल, १७ यार्ड. त्याच संघात बाल्डविन लीगच्या किमान पगाराच्या आसपास काम करत होता. त्याच्यासारखे, शर्मनसारखे, विल्सनसारखे स्वस्तात मिळालेले लोक होते म्हणून उरलेला पैसा त्या भयंकर बचावफळीवर खर्च करता आला. बचावफळीच्या नावाने पोवाडे झाले. ते परवडलं कुणामुळे, हा प्रश्न हिशेबनीस विचारतात, चाहते नाही.

हार्विनवर अन्याय नको. अंतिम सामन्यात दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच चेंडूवर त्याने ८७ यार्ड पळत जाऊन जो टचडाऊन केला, त्याने डेन्व्हरची उरलीसुरली आशा संपवली. पण त्या सामन्यापर्यंत संघाला घेऊन कोण आलं?

१९ जानेवारी २०१४, उपांत्य सामना, समोर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. त्यांचा प्रशिक्षक तोच जिम हार्बॉ, स्टॅनफर्डवाला. फोर्टीनायनर्स १०-० ने पुढे. सिअ‍ॅटलची गाडी रुतलेली. विल्सन पास फेकायला मागे येतो, कुणीच मोकळं नाही, समोरचे अंगावर येतात, तो पळत सुटतो. कागदावरची योजना इथे संपते. रिसीव्हरांनी पाठ केलेले मार्ग निरुपयोगी होतात, आणि पुढे काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक जण अशा वेळी थांबतात, हात वर करतात. बाल्डविन थांबत नसे. विल्सन कुठल्या बाजूला पळतोय, त्याचा खांदा कुठे वळलाय, आपल्यामागे लागलेल्याची मान कुठे आहे, एवढं पाहून तो नवा मार्ग शोधायचा. त्या दिवशी तो लांब निसटला आणि ५१ यार्डांचा पास त्याच्या हातात पडला. त्यातून तीन गुण आले, १०-३. पुढे तिसऱ्या सत्रात फोर्टीनायनर्स पुन्हा १७-१० ने पुढे गेले, तेव्हा किकऑफ घेऊन ६९ यार्ड पळाला तोही बाल्डविनच. पुन्हा तीन गुण. सामना संपला २३-१७. सहा गुणांचा फरक.

त्याचे त्या दिवशीचे सहा झेल आणि १०६ यार्ड कुणाच्या लक्षात आहेत? शेवटच्या क्षणी शर्मनने हात लावून उडवलेला चेंडू आणि लगेच मैदानावरच त्याने कॅमेऱ्यासमोर केलेला आरडाओरडा, दुसऱ्या दिवशी सगळी अमेरिका तेवढंच बोलत होती. शर्मनही स्टॅनफर्डचाच, हार्बॉचाच. दोघांच्या मनात एकच आग असणार. एकाची टीव्हीवर दिसली.

मग सुपर बोल. डेन्व्हरकडे पेटन मॅनिंग, ज्याने त्या मोसमात ५५ टचडाऊन पास टाकून विक्रम केला होता, आणि त्याच्याकडे रिसीव्हरांची अशी रांग की फँटसी खेळणाऱ्यांनी देव्हाऱ्यात ठेवावी. अंतिम सामन्यात त्यांच्या डिमेरियस टॉमसने १३ झेल घेतले, तोवरच्या सुपर बोलमधला विक्रम. त्याचा संघ ४३-८ ने हरला. बाल्डविनचे झेल पाच, यार्ड ६६. त्यातला एक सुरुवातीच्याच मिनिटांतला ३७ यार्डांचा, ज्यातून सिअ‍ॅटल ८-० ने पुढे गेलं. आणि शेवटचा टचडाऊनही त्याचाच. तेरा विरुद्ध पाच. झेल मोजून रिसीव्हर जोखणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. टॉमस उत्तम खेळाडू होता, यात वाद नाही. पण डेन्व्हर मागे पडल्यावर सिअ‍ॅटलने त्याला समोरचे छोटे झेल मुद्दाम घेऊ दिले आणि घेतल्याबरोबर आडवं केलं.

मोकळं होणं म्हणजे नेमकं काय, हे आता सांगायला हवं. नाहीतर मी नुसताच भक्त ठरेन. आपल्याकडे ज्यांनी शाळेत खो-खो खेळलाय त्यांना हे पटकन कळेल. चांगला पळणारा गडी वेगाने वाचत नाही, हुलकावणीने वाचतो. खांबाजवळ येऊन तो खांदा एका बाजूला टाकतो, पाठलाग करणाऱ्याचं वजन त्या पायावर गेलं की दुसरीकडून निसटतो. बाल्डविन हेच करत होता, फक्त मैदानाच्या मधल्या गर्दीत, ज्याला स्लॉट म्हणतात तिथे. कडेला उभ्या रिसीव्हरला एक बाजू सीमारेषेने बांधलेली असते. स्लॉटमधल्याला दोन्ही बाजू मोकळ्या, पण धडका मारणारेही दोन्हीकडून. तिथल्या कित्येक चालींत मार्ग आधी पक्का नसतो. समोरचा आत झुकला तर बाहेर पळायचं, बाहेर झुकला तर आत, मागे सरकला तर तिथेच थांबायचं. आणि क्वार्टरबॅकनेही त्याच क्षणी तेच वाचायला हवं, कारण रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. दोघांचं वाचन एक अक्षर चुकलं तर चेंडू समोरच्याच्या हातात.

बाल्डविनच्या जुन्या क्लिपा यूट्यूबवर आहेत. चेंडूकडे बघू नका. सुरुवातीची दीड सेकंदं त्याचे पाय बघा. छोटी छोटी, चीड आणणारी पावलं. मग एकदम एक लांब. समोरचा माणूस बहुतेक वेळा पडत नाही, फसल्यासारखाही दिसत नाही. फक्त हातभर मागे राहतो. एवढंच पुरतं.

हा गडी म्हणजे परीस नव्हता हेही लिहायला हवं. पुढच्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात, १८ जानेवारी २०१५ ला, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध त्याच्या हातून सुरुवातीलाच किकऑफचा चेंडू निसटला आणि पॅकर्सना फुकटचे तीन गुण मिळाले. मध्यंतराला सिअ‍ॅटल १६-० ने मागे. विल्सनने त्या सामन्यात चार पास समोरच्यांच्या हातात दिले, चारही कर्ससाठी फेकलेले. शेवटच्या चार-पाच मिनिटांत जे घडलं ते इथे सांगत बसत नाही, ते बघायलाच हवं. मुद्दा जादा वेळेचा. तिसरा डाऊन, अजून आपल्याच अर्ध्या मैदानात. विल्सन बाल्डविनकडे फेकतो, ३५ यार्ड. पुढच्याच चेंडूवर कर्सला ३५ यार्डांचा टचडाऊन पास, सामना २८-२२, सुपर बोलचं तिकीट. फोटो कर्सचा छापून आला, आणि यायलाच हवा होता. दिवसभर चार वेळा तोंडघशी पडलेल्या माणसाकडेच पाचव्यांदा चेंडू गेला आणि त्याने तो झेलला. पण त्या फोटोच्या आधीचा चेंडू झाला नसता तर फोटोही नव्हता. बाल्डविनचा हिशेब त्या दिवशीही सहा झेल, १०६ यार्ड. वर्षभरापूर्वीच्या उपांत्य सामन्यात होता तोच, यार्डाला यार्ड. योगायोगच, पण दोन्ही वर्षी संघ अंतिम फेरीत गेला.

आता तो सुपर बोल, ज्याची आठवण सिअ‍ॅटलमध्ये आजही कुणी काढत नाही. १ फेब्रुवारी २०१५, समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स. बाल्डविनचा त्या दिवशीचा हिशेब सांगतो, हसू नका. एक झेल, तीन यार्ड.

माझ्या लेखी हा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका आकडा आहे. पेट्रियट्सकडे तेव्हा डॅरेल रिव्हिस होता, त्या पिढीतला सर्वोत्तम कॉर्नरबॅक मानला जाणारा. तो ज्याच्यावर पहारा द्यायचा तो रिसीव्हर एकटा पडायचा, म्हणून त्या अवस्थेला लोक ‘रिव्हिसचं बेट’ म्हणत. असा हुकमाचा एक्का कुणावर टाकायचा हे प्रशिक्षक दोन आठवडे फिल्म बघून ठरवतो. बिल बेलिचिकने, ज्याच्याइतका थंड डोक्याचा प्रशिक्षक या लीगने क्वचित पाहिला असेल, तो जवळजवळ दिवसभर बाल्डविनवर टाकला. टीव्हीवाल्यांना जो पादचारी वाटत होता, त्याला शत्रूच्या छावणीत असा मान मिळत होता.

परिणामही बघा. बाल्डविन बेटावर अडकला, पण त्यामुळे दुसरीकडे कमी ताकदीचे पहारेकरी राहिले. तोवर लीगमध्ये एकही पास न झेललेल्या क्रिस मॅथ्यूज नावाच्या खेळाडूने त्या रात्री चार झेल आणि १०९ यार्ड केले, वर एक टचडाऊन. ते यार्ड मॅथ्यूजचेच. पण रस्त्यावरची वाहतूक ज्याने अंगावर घेतली त्याच्या खात्यावर काय लिहिलं गेलं? काहीच नाही. त्यासाठी रकानाच नाही.

त्याचा एकमेव झेल टचडाऊनचा होता. पळताना रिव्हिस पंचाला अडखळला आणि बाल्डविन मोकळा झाला, म्हणजे त्यात नशीबही होतं. सिअ‍ॅटल २४-१४ ने पुढे. आणि मग या पठ्ठ्याने आनंदाच्या भरात चेंडूवर शौचाला बसल्याचा अभिनय केला. पंधरा यार्डांचा दंड. टीव्हीने कॅमेराच दुसरीकडे वळवला. मी हे दृश्य काही मराठी घरांत, आजी-आजोबा भारतातून आलेले असताना, दिवाणखान्यात बसून बघितलंय. त्या शांततेचं वर्णन करत नाही. मूर्खपणा होता, पूर्ण मूर्खपणा. पुढे पेट्रियट्सनी दोन टचडाऊन करून आघाडी घेतली आणि शेवटच्या मिनिटात, एक यार्ड बाकी असताना, विल्सनचा रिकार्डो लॉकेटसाठी टाकलेला पास माल्कम बटलरने पळवला. २८-२४. त्या चेंडूवर लिंचला का दिला नाही, हा वाद अजून संपलेला नाही. मला वेगळीच गोष्ट सलते. सगळ्यात अडीच्या चेंडूवर अडीनडीच्या गड्याकडे बघायची सोयच नव्हती. मोसमभर जो दरवाजा उघडायचा, त्यालाच पेट्रियट्सनी सामन्याआधीच कुलूप घालून ठेवलं होतं.

त्या नाचामुळे झालं असं की बाल्डविन म्हणजे ‘चिडका डग’, हे नाव पक्कं झालं. लेखांचा साचा ठरून गेला: ड्राफ्टमध्ये डावललेला, जगावर रागावलेला, म्हणून जिद्दीने खेळणारा. बाल्डविननेही तो साचा थोडा वापरलाच. पण मला हे कौतुक नेहमी संशयास्पद वाटत आलंय. राग सगळ्यांनाच येतो. त्या २५४ मध्ये न आलेले शेकडो तरुण रागावले असतील. रागाने पाय तसे पडत नाहीत. ते पडतात हजारो वेळा तीच चाल घोटून, समोरच्याच्या फिल्म बघून, कुठला बचावपटू कुठल्या पायावर आधी भार देतो हे पाठ करून. एखाद्याच्या ज्ञानाला त्याचा स्वभाव म्हणून खपवलं की ज्ञानाची दखल घ्यायची गरज उरत नाही. स्तुती होते आणि मोलही कमी होतं. आपल्याकडे उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईला ‘तुझ्या हातालाच चव आहे’ म्हणतात, तसंच.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो कच्चा नाही. लिंचच्या धास्तीने सगळा बचाव पुढे झुकलेला असायचा, विल्सन पळून वेळ काढायचा. अशा संघात कुठलाही बरा रिसीव्हर मोकळा झालाच असता. बाल्डविन परिस्थितीचा लाभार्थी, एवढंच.

याला २०१५ चा मोसम उत्तर देतो. त्या वर्षी संघाने पुन्हा एक मोठं नाव आणलं, जिमी ग्रॅहम. त्यासाठी आपला अनुभवी सेंटर मॅक्स उंगर आणि पहिल्या फेरीची निवड मोजली. नोव्हेंबरअखेर पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात ग्रॅहमचा गुडघा गेला. लिंच त्याआधीच दुखापतीने बाहेर. म्हणजे ज्यांच्या सावलीत बाल्डविन मोकळा होतो असं म्हणत, त्या सावल्याच गेल्या. त्या पिट्सबर्ग सामन्यात त्याने १४५ यार्ड आणि तीन टचडाऊन केले. शेवटचा ८० यार्डांचा, तिसऱ्या डाऊनवर, दहा यार्ड हवे असताना. पुढच्या तीन सामन्यांत दोन, तीन, दोन. चार सामन्यांत दहा टचडाऊन. असं आधी करणारा जेरी राइस होता, १९८७ मध्ये. मोसमाअखेर ७८ झेल, १०६९ यार्ड, १४ टचडाऊन. टचडाऊनमध्ये लीगमध्ये संयुक्त पहिला, आणि सीहॉक्सच्या इतिहासात एका मोसमातला नवा उच्चांक. त्याच्याकडे फेकलेल्या चारपैकी तीन पास त्याने झेलले.

तोच माणूस, तेच पाय. जास्त वेळा चेंडू दिला, एवढाच फरक.

आणि तरी, इथे मला माझ्याच बाजूने बोलणाऱ्यांशी वाद घालायचाय. चाहते म्हणतात, बघा, २०१५ ने सिद्ध केलं की तो मोठा खेळाडू होता. पुढच्या वर्षी ९४ झेल, सीहॉक्सच्या तोवरच्या विक्रमाशी बरोबरी. दोनदा प्रो बोलची निवड. मान मिळाला, पैसा मिळाला. मान्य. पण त्या वर्षांत संघ उपांत्य सामन्यापर्यंतही पुन्हा पोचला नाही. बाल्डविनचे आकडे फुगले कारण बाकीचा संघ ढासळत होता. लिंच गेला, पुढची फळी विरळ झाली, बचावाला वय झालं, आणि जो भार पाच जण उचलायचे तो एकट्यावर आला. अडीनडीचा गडी रोजच्या कामाला जुंपावा लागला. त्याचं अजिंक्यपदासाठीचं मोल सर्वांत जास्त होतं ते ५० झेलांच्या वर्षी, आणि त्या तीन यार्डांच्या रात्री. त्याला पादचारी म्हणणारे आणि नंतर आकडे दाखवून त्याची बाजू मांडणारे, दोघांच्या हातात फूटपट्टी एकच होती.

कारकीर्द लवकर आटोपली. २०१८ मध्ये गुडघा, खांदा, एकामागून एक दुखणी. ५० झेल, बरोबर पाच वर्षांपूर्वीइतकेच. मे २०१९ मध्ये संघाने वैद्यकीय चाचणीच्या कारणावरून त्याला मुक्त केलं आणि काही दिवसांतच त्याने ट्विटरवर आपल्याच लहानपणीच्या डगला उद्देशून लिहिलं आणि निवृत्त झाला. वय तीस. एकूण ४९३ झेल, ६५६३ यार्ड, ४९ टचडाऊन. टचडाऊनमध्ये सीहॉक्सच्या रिसीव्हरांत त्याच्या पुढे तेव्हा फक्त स्टीव्ह लार्जंट होता.

त्याचा शेवटचा सामना ५ जानेवारी २०१९ चा, डॅलसमध्ये. मी तोवर पुण्याला परतलो होतो. इकडे रविवारची सकाळ, घरात सगळे झोपलेले, फोनला हेडफोन लावून स्वयंपाकघरात चहा ठेवलेला. सिअ‍ॅटल मागे होतं आणि पुढे हरलंही, २४-२२. मधे एक चौथा डाऊन आला. पाच यार्ड हवे होते. फसला की चेंडू गेला. विल्सनने सीमारेषेकडे चेंडू फेकला, खरं तर रेषेबाहेरच. बाल्डविन पूर्ण कलला, अंग बाहेर, हात बाहेर, चेंडूही बाहेर. डॅलसच्या प्रशिक्षकाने दाद मागितली. पंचांनी रिप्ले पाहिला, मग आणखी संथ करून पाहिला. दोन्ही बुटांची टोकं गवतावर, रेषेच्या आत, हिरव्याच्या शेवटच्या दोन बोटांवर. झेल कायम. बावीस यार्ड. चहा उतू गेला होता.